अर्थिंग नीट करून घेतलं आणि अँप उडाला: टीडीए २०३०, हम आणि बाकीचा घोळ

खाडीकाठी

मंडळी, जाणकारांनी जरा डोकं लावा, माझं बंद पडलंय.

मुक्काम कळवा, पारसिक नगर. जुनी इमारत. घरात दोन चॅनेलचा एक असेंबल्ड अँप आहे. आधी सोसायटीच्या गणपतीत आरतीला वापरायचे. मंडळाने नवे पॉवर्ड स्पीकर घेतले तेव्हा हा भंगारात निघाला होता, मी उचलला. आत १२-०-१२ चा (मधल्या वायरीच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणारा) ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि आवाज वाढवणाऱ्या दोन टीडीए २०३० चिप. मागची ॲल्युमिनियमची जाड पट्टी हाच हीटसिंक. माझ्याकडे येण्याआधी डावी चिप कुणीतरी बदललेली आहे, सोल्डर बघूनच कळतं.

आता लक्षणं. फोन लावला की गाणी झकास, पाठीमागे टाचणी पडल्याएवढाही आवाज नाही. केबलचा सेट टॉप बॉक्स लावला की थोडी घुरघुर. डेस्कटॉप लावला की 'हंऽऽऽ' असा जोरदार हम. व्हॉल्यूम खाली आणला तर कमी होतो, पण पूर्ण जात नाही. शिवाय डेस्कटॉप लावलेला असताना ट्रान्सफॉर्मर चांगलाच तापायचा, गाणं बंद असलं तरी.

सगळीकडे वाचलं की ग्राउंड लूप असेल (दोन उपकरणं प्लगमधूनही आणि ऑडिओ केबलमधूनही अर्थला जोडली गेल्याने होणारा वळसा), अर्थिंग बघा. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. अँपच्या सॉकेटमागे अर्थची वायर सैल होती आणि हिरवी पडली होती. सॉकेटचं प्लॅस्टिकही अर्थच्या भोकाभोवती पिवळं झालेलं. त्याने वायर कापून नवी टोकं काढली, नवा सॉकेट बसवला, बाकीचे बोर्डही घट्ट केले.

त्यानंतर डेस्कटॉप लावून अँप चालू केला. 'भम्म!' दोन्ही स्पीकरचे कोन बाहेर येऊन तिथेच थांबले, डेस्कटॉपकडून अँपला येणारी आरसीए ऑडिओ केबल हाताला गरम लागली आणि जळका वास. डावी चिप गेली. नवी आणून बसवली, फोनवर उत्तम चालली. डेस्कटॉप लावला, पुन्हा तेच.

म्हणजे अर्थिंग खराब होतं तेव्हा चालत होतं आणि नीट केल्यावर उडतंय. हे काय गौडबंगाल आहे?

जुगाडबहाद्दर

सोप्पंय. अँपच्या प्लगची जाड पिन काढून टाका, नाहीतर तिच्यावर टेप गुंडाळा. आमच्या इथे सगळे डीजेवाले हेच करतात. हम गायब, खेळ खल्लास.

ओहमस्वाहा

वरचा सल्ला कृपया कुणीही अमलात आणू नये.

'खेळ खल्लास' हा शब्दप्रयोग मात्र अगदी योग्य आहे. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचं (मेन्सकडच्या गुंडाळीचं) इन्सुलेशन गेलं, किंवा आतली फेजची वायर सुटून डब्याला टेकली, की अर्थ असेल तर फ्यूज किंवा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर) पडते. अर्थ नसेल तर डबा २३० व्होल्टवर बसून वाट बघतो. घरात वापरतात ती आरसीसीबी ३० मिलीअँपिअर गळतीला पडते. पण डब्याला अर्थच नसेल तर ती गळती वाहायला तुमच्या हातापायांशिवाय दुसरी वाट कुठली? म्हणजे ती पडायची ती तुम्हाला झटका बसल्यावर.

जुगाडबहाद्दर

अहो, हलकं घ्या. वीस-वीस वर्षं चालवतात लोक असं.

सिरीजबल्ब

ज्यांनी तसं चालवलं आणि जे आता नाहीत, ते इथे प्रतिसाद द्यायला येणार नाहीत. असो.

@खाडीकाठी, तुझा अँप अर्थिंगमुळे उडालेला नाही. त्यात दोष आधीपासून होता, तो खराब अर्थिंगमुळे झाकला गेला होता. तू दिलेल्या लक्षणांत एक फार महत्त्वाचं आहे आणि ते तू ओझरतं लिहून मोकळा झालास: डेस्कटॉप लावल्यावर ट्रान्सफॉर्मर तापायचा. साध्या ग्राउंड लूपने कधी ट्रान्सफॉर्मर तापत नाही. लूपमध्ये मिलीव्होल्टांचा कारभार असतो. तापतो म्हणजे कुठेतरी खराखुरा करंट वाहतोय.

प्लग काढ. कपॅसिटर रिकामे होऊ दे, आणि ते रिकामे झालेत हे मीटरने बघ. मग तीन गोष्टी कळव:

चिपचा धातूचा टॅब आणि मागची पट्टी यांच्यामधला रेझिस्टन्स, दोन्ही चिपचा वेगवेगळा.
आरसीएचं ग्राउंड आणि डबा यांच्यामधला रेझिस्टन्स.
प्रायमरीला फ्यूज किती अँपिअरचा आहे.

खाडीकाठी

काका, चिपखाली मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) आहे. दोन्हीकडे कडेने बाहेर आलेला दिसतोय, पेस्टही आहे. तो मुद्दा नसावा.

फ्यूजहोल्डर उघडला. काचेच्या फ्यूजला बाहेरून तांब्याची एक तार गुंडाळलेली आहे. 😐

सिरीजबल्ब

तार काढून आधी कचऱ्यात टाक. १२-०-१२ आणि ३ अँपिअर म्हणजे साधारण ७२ व्हीए, २३० वर प्रायमरीचा करंट जेमतेम पाव-एक तृतीयांश अँपिअर. तिथे ५०० किंवा ६३० मिलीअँपिअरचा स्लो ब्लो (जरा दमाने उडणारा) फ्यूज पाहिजे. तो असता तर पहिल्याच झटक्याला गेला असता आणि चिप बहुतेक वाचली असती.

आणि मायका दिसतोय हे मला सांगू नकोस. मीटर लाव.

ऐरोलीकर

काका मीटरचं बघतीलच, तोवर माझे दोन पैसे. १२-०-१२ वर साधी टीडीए २०३० ही मुळातच काठावरची जोडी आहे. डेटाशीटमध्ये कमाल सप्लाय अधिक-उणे १८ व्होल्ट आहे. लोक हिशेब करतात १२ गुणिले १.४१४, आले १७, डायोडमध्ये थोडे गेले, झालं. पण छोट्या ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट हे पूर्ण लोडवरचे असतात. रिकामा असताना तोच सव्वातेरा, साडेतेरा देतो. त्यात रात्री लाइन २४० ला गेली की रेल (चिपला मिळणारा अधिक किंवा उणे डीसी सप्लाय) सहज साडेअठरा. म्हणजे गाणं थांबलेलं असतानाच चिपवर सगळ्यात जास्त ताण. 'काही वाजत नव्हतं तरी उडाली' अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ यात असतं.

२०३०ए असेल तर तिची कमाल मर्यादा अधिक-उणे २२ आहे. पण बाजारात 'ए' छापून मिळते ती खरंच 'ए' आहे का, हा वेगळा पुराणाचा विषय.

नुसता_वाचक

वाचतोय. पॉपकॉर्न आणलेत.

खाडीकाठी

काका, दंडवत.

उजवी चिप: टॅब ते पट्टी, मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे ओपन.
डावी चिप: मीटर ओरडला! अर्ध्या ओहमच्याही खाली.
आरसीए ग्राउंड ते डबा: ओपन. आरसीए सॉकेट प्लॅस्टिकच्या पट्टीवर आहेत.

मायका असून हे कसं? म्हणून डावीचा स्क्रू काढला. उजवीकडे स्क्रूवर एक छोटी पांढरी टोपीसारखी नळी आहे, ती टॅबच्या भोकात बसते. डावीकडे ती नाहीच, नुसता स्क्रू आणि वॉशर. म्हणजे खालून मायका आणि मधून स्क्रूने थेट शॉर्ट!

रेलही मोजली, दोन्ही चिप काढून. रात्री साडेदहाला अधिक १८.६ आणि उणे १८.५. ऐरोलीकर, तुमच्या जिभेवर तीळ आहे.

सिरीजबल्ब

त्या टोपीला बूश म्हणतात. दोन रुपयांची वस्तू. चिप बदलताना ती घरंगळत टेबलाखाली जाते आणि मग कारागीर म्हणतो मायका आहे ना, बास झालं. दुरुस्तीच्या दुकानात बसून मी असे किती डबे पाहिलेत त्याची गणती नाही.

बूश आणि मायका दोन्ही नवे घाल. मायकाच्या दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर, लोण्यासारखा थापू नकोस. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मीटर. आवळताना बूश चिरते, म्हणून आवळल्यावरच मोजायचं, आधी नाही.

नुसता_वाचक

काका, स्क्रू टेकला हे कळलं. पण मग फोनवर का चालत होतं आणि डेस्कटॉपवरच का उडालं? जरा इस्कटून सांगा की.

ओहमस्वाहा

मी सांगतो, हा प्रकार फार सुंदर आहे. म्हणजे खाडीकाठी यांच्यासाठी नसेल, पण वाचणाऱ्यांसाठी आहे.

टीडीए २०३० चा टॅब आतून तिसऱ्या पिनला जोडलेला असतो. अधिक-उणे सप्लायमध्ये तिसरी पिन म्हणजे उणे रेल. आपल्या सोयीसाठी तिला उणे १७ धरू. बूश नसल्याने स्क्रूवाटे हे उणे १७ मागच्या पट्टीवर आले. पट्टी डब्याला, डबा प्लगच्या अर्थ पिनला. म्हणजे उणे रेल घराच्या अर्थवर बसली.

एवढ्याने काहीच बिघडत नाही! ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (अँपकडची गुंडाळी) तरंगती असते, म्हणजे अर्थला कुठेच जोडलेली नसते. तिचं एकच टोक अर्थला जोडलं तर करंटला परत यायला वाट नसते. फोन बॅटरीवर असतो, त्याला अर्थशी देणंघेणं नाही. म्हणून फोनवर गाणी झकास.

आता डेस्कटॉप. त्याच्या ऑडिओ जॅकचं ग्राउंड कॅबिनेटला जोडलेलं, कॅबिनेट तीन पिनांच्या प्लगमधून अर्थला. आरसीए केबल लावली की तिच्या शील्डवाटे (बाहेरच्या जाळीवाटे) अँपचा शून्य व्होल्टचा बिंदूही अर्थवर आला. उणे १७ आधीच अर्थवर होते. वाट पूर्ण झाली: उणे रेल, स्क्रू, डबा, अँपचा प्लग, घरातली अर्थची वायर, डेस्कटॉपचा प्लग, कॅबिनेट, आरसीएची शील्ड, अँपचं ग्राउंड.

जुन्या सॉकेटमध्ये हिरवा पडलेला सांधा या वाटेत मध्येच बसला होता. त्याचा रेझिस्टन्स आता कळायला मार्ग नाही, पण समजा ४० ओहम. १७ भागिले ४०, साधारण ०.४ अँपिअर सतत. म्हणून ट्रान्सफॉर्मर तापत होता. त्या सांध्यावर सात वॅट उष्णता निघते, आणि म्हणूनच सॉकेट अर्थच्या भोकाभोवती पिवळा झाला होता. अर्थच्या पिनमधून एरवी करंट जातच नाही. तिथे प्लॅस्टिक पिवळं पडलेलं दिसलं की समजायचं काहीतरी भलतंच चाललंय.

हमही यातूनच आला. ०.४ अँपिअर सतत ओढल्यावर २२०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर १०० हर्ट्झचा जवळजवळ दोन व्होल्टचा रिपल (चढउतार) येतो. त्यातून शील्डमध्ये सुमारे ५० मिलीअँपिअरचा रिपल करंट. शील्ड आणि आरसीएचे संपर्क मिळून ०.२ ओहम धरले तर १० मिलीव्होल्ट. डेटाशीटच्या सर्किटमध्ये २२ किलोओहम आणि ६८० ओहम असतात, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) सुमारे ३३. स्पीकरवर एक तृतीयांश व्होल्टचा हम, फुकटात.

इलेक्ट्रिशियनने आपलं काम चोख केलं. ४० ओहमचे अर्ध्या ओहमच्या आत आले आणि उणे रेल सरळ शॉर्ट झाली. अधिक रेल मात्र शाबूत. अशा वेळी चिपचं आउटपुट अधिककडे जाऊन बसतं, म्हणून कोन बाहेर येऊन थांबले. स्पीकरमधून सरळ डीसी वाहत होता. खऱ्या टीडीए २०३० मध्ये शॉर्ट सर्किट आणि तापमान अशी दोन्ही संरक्षणं असतात. डुप्लिकेटमध्ये काय असतं ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. उजवी तगली आणि डावी दोनदा गेली, यावरून माझा अंदाज आहे की उजवी जुनी आणि अस्सल आहे.

आता जुगाडबहाद्दर यांचा उपाय इथे लावून बघा. पिन कापली असती तर हम खरंच गेला असता. डबा उणे १७ वर तसाच बसला असता, आणि पुढे कधीतरी डब्याला दुसरं अर्थ असलेलं काहीही टेकलं असतं की पुन्हा भम्म.

जुगाडबहाद्दर

बरं बाबा, पिन ठेवतो. पण मग डीजेवाल्यांनी हमचं काय करायचं? मांडवात लॅपटॉप चार्जरला लावला की मिक्सर रडायला लागतो. गाणी चार्जर काढून किती वेळ वाजवणार?

ओहमस्वाहा

सिग्नल तोडा, अर्थ तोडू नका. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ६०० ला ६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, किंवा ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स (मिक्सरच्या आधी लावायची छोटी डबी). त्यातलं 'लिफ्ट' सिग्नलच्या केबलची शील्ड तोडतं, प्लगच्या अर्थला हात लावत नाही. स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये खालचा ढोल जरा पातळ होतो, कारण गाभा छोटा असतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ते कुणाच्या लक्षात येईल असं वाटत नाही.

मंद्रसप्तक

विषय चाललाच आहे तर माझंही विचारते. मी नेरुळला असते, गाण्याचे ऑनलाइन वर्ग घेते. लॅपटॉप, त्याला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, त्यातून दोन ॲक्टिव्ह स्पीकर. लॅपटॉपचा चार्जर लावला की तानपुऱ्याच्या मागे अजून एक सूर लागतो. पांढरी पाचच्या खर्जात, पण जराशी चढी. माझी शिष्या काळी एकमध्ये गाते, त्यामुळे तिला फारच त्रास होतो. चार्जर काढला की शांत.

ओहमस्वाहा

पांढरी पाचचा खर्ज म्हणजे ९८ हर्ट्झ. १०० हर्ट्झ त्याहून पाऊण श्रुतीसुद्धा नाही इतका वर. 'जराशी चढी' हे तुम्ही नुसत्या कानाने ओळखलंत! आमच्याकडे यासाठी स्कोप लावतात.

एक सप्तक खाली, ५० ला असता तर आधी ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा किंवा सरळ लूपचा संशय घेतला असता. १०० आणि त्याची वरची पिल्लं असतील तर रेक्टिफायर आला, म्हणजे चार्जरमधला एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय). त्यात प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये वाय कपॅसिटर असतो, त्यातून किंचित गळती ऑडिओच्या ग्राउंडवर येते.

दोन गोष्टी सांगा. लॅपटॉप धातूचा असेल तर चार्जर लावून त्यावर उलटा हात हळूच फिरवला की बारीक मुंग्या येतात का? आणि इंटरफेसपासून स्पीकरला जाणाऱ्या केबलच्या प्लगवर काळ्या रिंगा किती, एक का दोन?

मंद्रसप्तक

मुंग्या येतात!! मला वाटायचं माझीच तब्येत. रिंग एकच आहे.

ओहमस्वाहा

तब्येत उत्तम आहे, सॉकेटची बिघडली आहे. लॅपटॉपच्या अंगावर मुंग्या येतात याचा अर्थ चार्जरला अर्थ मिळतच नाही, किंवा चार्जरच दोन पिनांचा आहे. अर्थ नसेल तर धातूचं अंग सुमारे निम्म्या मेन्सवर, ११०-११५ व्होल्टवर तरंगतं. करंट नगण्य असतो म्हणून फक्त मुंग्या. तोच करंट मग स्पीकरच्या केबलची शील्ड गाठून अर्थ शोधतो.

आधी सॉकेट तपासून घ्या, आणि ते इलेक्ट्रिशियनकडून. नुसतं मीटर लावून न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसले म्हणजे अर्थ चांगलं, असं नाही. मीटर करंटच ओढत नाही, त्यामुळे हजार ओहमचा गंजलेला सांधाही त्याला ठणठणीत दिसतो. खाडीकाठी यांचं जुनं सॉकेट मोजलं असतं तर तेही पास झालं असतं. खाडीजवळच्या हवेत तांब्याचे सांधे हिरवे पडायला फार वेळ लागत नाही.

मग केबल बदला. तुमच्या स्पीकरला बॅलन्स्ड इनपुट असेल तर दोन रिंगांची केबल घ्या. स्पीकर त्यात दोन तारांमधला फरक घेतो आणि दोन्हींवर सारखा आलेला हम आपोआप वजा होतो. एवढं करूनही आवाज राहिला तर उपकरणाच्या आत शील्डची पिन डब्याला न जोडता सिग्नल ग्राउंडला जोडलेली असण्याची शक्यता आहे. १९९५ मध्ये नील मन्सी यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये हे मांडलं, तेव्हापासून त्याला 'पिन वन प्रॉब्लेम' म्हणतात. पण तुमच्या बाबतीत तिथवर जावं लागणार नाही असं वाटतं.

ऐरोलीकर

अवांतर, पण याच जातीचं. माझ्या भाच्याने टीडीए ७२९७ ची पाटी (तयार सर्किट बोर्ड) आणली, दोन गुणिले १५ वॅट. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर मस्त चालायची. मग पठ्ठ्याने वायर वाचवायला दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र करून डब्याला जोडल्या. ती ब्रिज चिप आहे. तिच्यात स्पीकरची कुठलीच बाजू ग्राउंड नसते, दोन्ही आउटपुट असतात. टीपीए ३११६ च्या पाट्यांचंही तेच. तिथे काळी वायर म्हणजे ग्राउंड ही जुनी सवय महागात पडते.

नुसता_वाचक

मग एलए ४४४० ला काय? आमच्या रिक्षात अजून तीच आहे.

ऐरोलीकर

तिला दोन्ही येतं. स्टिरिओत ६-६ वॅट आणि काळी वायर ग्राउंडला, ब्रिज केली तर १९ वॅट आणि दोन्ही वायरी आउटपुट. सान्योचा सेमीकंडक्टर धंदा २०११ मध्ये ऑन सेमीकंडक्टरकडे गेला. तरी आजही सान्यो छापलेल्या 'नव्याकोऱ्या' ४४४० रस्त्यावर ढिगाने मिळतात. आता काय समजायचं ते समजा.

खाडीकाठी

अपडेट देतो.

बूश, मायका, पेस्ट सगळं नवं. दोन्ही टॅब पट्टीपासून ओपन. ५०० मिलीअँपिअरचा स्लो ब्लो टाकला. चिप कुठली टाकावी यावर अडलोय. लॅमिंग्टन रोडला २०३० वीस रुपयांतही आहे आणि त्याच्या चौपट भावातही, दोन्ही दुकानदार 'ओरिजिनल' म्हणतात.

सिरीजबल्ब

तुझी रेल साडेअठरावर आहे, साधी २०३० नकोच. एलएम १८७५ घाल. पाचही पिना त्याच क्रमाने आहेत, सर्किट जवळजवळ तेच चालतं आणि ती एकूण ६० व्होल्टपर्यंत झेलते. गेन १० च्या वर पाहिजे, तुझा ३३ आहे. नॅशनलची होती, २०११ पासून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे आहे. एलिमेंट१४, माऊसर, डिजिकी अशा अधिकृत विक्रेत्याकडून मागव, कुरिअरसकट महाग पडली तरी चालेल. तिचाही टॅब उणे रेललाच असतो हे विसरू नकोस.

चिपच्या पायापाशी १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर आहेत ना बघ. आणि आउटपुटला १ ओहम व ०.२२ मायक्रोफॅरडची मालिका. एलएम १८७५ जलद चिप आहे. ती मालिका उडवली तर ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर थरथरत बसेल आणि विनाकारण तापेल.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब, म्हणजे मेन्सच्या वाटेत मालिकेत जोडलेला बल्ब लाव, ६० वॅटचा. कपॅसिटर भरताना क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर प्लग काढ. फिलामेंटचाच बल्ब पाहिजे, एलईडी चालत नाही. हल्ली फिलामेंटचा बल्ब शोधावा लागतो, माझ्याकडे खोकंभर जपून ठेवलेत.

स्पीकर लावायच्या आधी आउटपुटवर डीसी मोज. पन्नासेक मिलीव्होल्टच्या आत असला की स्पीकर लाव.

मंद्रसप्तक

तोवर माझंही सांगते. वायरमन आले होते. ज्या बोर्डावर माझा लॅपटॉप असतो त्यात अर्थची वायर भिंतीच्या आत गुंडाळून तशीच सोडलेली होती, कुठेच जोडलेली नव्हती! जोडल्यावर मुंग्या गेल्या, सूर अगदी मंद झाला. मग दोन रिंगांच्या केबल आणल्या. आता फक्त तानपुरा ऐकू येतो. ओहमस्वाहा, गुरुदक्षिणा काय देऊ?

ओहमस्वाहा

एखादा मारवा ऐकवा. रेकॉर्डिंगमध्ये हम निघाला तर दक्षिणा परत.

खाडीकाठी

एलएम १८७५ आल्या, बसवल्या. बल्ब पेटून विझला. डीसी डावीकडे १२ मिलीव्होल्ट, उजवीकडे ९. डेस्कटॉप लावला, भम्म नाही, केबल थंड, ट्रान्सफॉर्मर थंड. जीव भांड्यात पडला.

पण कान स्पीकरला लावला की अजून बारीक हम आहे. डेस्कटॉप काढून आरसीएचं तोंड शॉर्ट केलं तरी तेवढाच.

ओहमस्वाहा

तोंड शॉर्ट करूनही आहे म्हणजे हा बाहेरचा नाही, आतल्या वायरिंगचा. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर कुठे जोडली आहे आणि इनपुटचं ग्राउंड कुठे, फोटो टाका.

खाडीकाठी

फोटो टाकला आहे. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर पाटीच्या डाव्या टोकाला, कपॅसिटर उजव्या टोकाला, मध्ये काळ्या वायरीचा तुकडा आणि त्याच्या मधूनच इनपुटचं ग्राउंड निघतंय.

ओहमस्वाहा

तोच. कपॅसिटर संथ धारेने भरत नाहीत. सेकंदाला १०० वेळा, व्होल्टेजच्या टोकावर, थोड्या क्षणांत कित्येक अँपिअर घेतात. तुमचा तुकडा १० सेंटीमीटर आणि अर्धा चौरस मिलिमीटर धरला तर तांब्याचा रेझिस्टन्स साडेतीन मिलीओहमच्या आसपास. पाच अँपिअरचे ठोके म्हणजे १७ मिलीव्होल्ट. त्यातला अर्धा जरी इनपुटच्या वाट्याला आला तरी गुणिले ३३ करून बघा. वायर जाड करून थोडा फरक पडेल, पण खरा उपाय जागा बदलणं हा आहे.

मधली वायर सरळ दोन्ही कपॅसिटरच्या सांध्यावर न्या. त्या सांध्यापासून एकच जाड वायर काढून थोड्या अंतरावर दुसरा बिंदू करा. स्पीकरचं परतीचं ग्राउंड, इनपुटचं ग्राउंड, १ ओहमवाल्या मालिकेचं ग्राउंड, सगळी या दुसऱ्या बिंदूवर वेगवेगळ्या वायरीने. भरण्याचे ठोके पहिल्या सांध्यातच फिरतील, दुसऱ्या बिंदूपर्यंत पोचणार नाहीत.

आणि एक राहिलं. तुमचं सिग्नल ग्राउंड आत्ता डब्याला कुठेच जोडलेलं नाही. ट्रान्सफॉर्मरच्या आत प्रायमरी सेकंडरीला चिकटली तर आरसीएच्या बाहेरच्या कडीवर २३० येतील आणि फ्यूज ढिम्म हलणार नाही. त्या दुसऱ्या बिंदूपासून डब्यापर्यंत ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर घाला. अधिक आणि उणे पिना एकमेकांना जोडायच्या, एसीची एक पिन बिंदूला, दुसरी डब्याला. त्याला समांतर १० ओहम आणि १०० नॅनोफॅरड. एखाद्या व्होल्टच्या आतला लूपचा व्होल्टेज १० ओहमला अडतो, फॉल्ट आला की डायोड उघडतात आणि फ्यूज उडतो. प्लगची अर्थ वायर मात्र थेट डब्याला, स्वतंत्र स्क्रूने, मध्ये काहीही नको.

सिरीजबल्ब

त्या स्क्रूखालचा रंग खरवडून काढ, आणि दातेरी वॉशर घाल. रंगावर आवळलेला अर्थ म्हणजे देखावा.

खाडीकाठी

केलं सगळं. कान लावून फक्त हलकी सळसळ, ती गोड वाटते. सेट टॉप बॉक्सवर अजून किंचित घुरघुर आहे, पण केबलवाल्याची कोॲक्स उपटली की जाते, म्हणजे तो गच्चीवरचा मामला. तिथे आरसीएच्या लाइनीत एक छोटा ट्रान्सफॉर्मर टाकतो.

आज संध्याकाळी मंडळाच्या खजिनदारांना भेटलो. माझ्या अँपची डावी चिप बदलणाऱ्या कारागिरानेच दुरुस्त केलेला दुसरा डबा सोसायटीच्या ऑफिसात कपाटात आहे, आणि तो सत्यनारायणाला बाहेर काढतात म्हणे. रविवारी मीटर घेऊन जातोय. काका, खोक्यातला एक बल्ब मिळेल का?

सिरीजबल्ब

चरईत ये, दोन ने. बूशही घेऊन जा, माझ्याकडे डबीभर पडलेत.